हॉलंडची विजेची सायकल

ज्या देशांत चढणीचा रस्ता क्वचितच सांपडतो, त्या देशांतील लोकांनीं सायकलीस विजेची मोटर कां जोडावी, असा प्रश्न हॉलंडसंबंधीं कोणाच्याहि मनांत सहज येईल. नकाशावर नेदरलँड्स या नांवानें दाखविलेला हा देश, आग्नेयेकडील लिंबर्गच्या टेकड्या सोडल्या, तर तळहातासारखा सपाट आहे. त्याचा सुमारें चौथा हिस्सा समुद्राच्या पातळीहूनहि खालीं आहे. वस्ती सुमारें 1 कोटी 80 लक्ष आणि सायकली 2 कोटी 30 लक्षांच्या आसपास, म्हणजे माणसांपेक्षां सायकलीच अधिक. आणि 2022 सालीं तेथें विकल्या गेलेल्या नव्या सायकलींपैकीं निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या.

या कोड्याचें उत्तर वाऱ्यांत आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवावयास तेथें डोंगर नाहींत. ताशी 18 किलोमीटर वेगानें जाणाऱ्या सायकलस्वारास समोरून तितक्याच वेगाचा वारा लागला, तर हवेच्या दृष्टीनें त्याचा वेग दुप्पट होतो. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें तो चौपट होतो. सपाट रस्त्यावर अदृश्य घाट चढावा, तसा हा प्रकार आहे. आणि घाटाला माथा तरी असतो, वाऱ्याला तो नाहीं. डच लोकांनीं या संकटाचीहि मौज केली आहे. झीलंड प्रांतांत ऑस्टरस्खेल्ड खाडीच्या तोंडावर 1986 सालीं पुरा झालेला एक प्रचंड बांध आहे. त्या बांधावर 2013 पासून, वादळी वारा सुटला म्हणजे, सायकलींची शर्यत भरते. अंतर साडेआठ किलोमीटर, वारा समोरून, आणि सायकल सर्वांना एकाच जातीची: ताठ बसावयाची, गिअर नसलेली. अशी मौज कधीं काळीं ठीक; परंतु रोज सकाळीं कचेरी गांठावयाची असेल, किंवा वय साठीपुढें गेलें असेल, तर कोणी तरी पाठीवर हात ठेवून हलकेंच पुढें ढकलावें असें वाटूं लागतें. विजेची सायकल करते तें एवढेंच.

म्हणूनच हें सर्वस्वीं नवें यंत्र नव्हे. तिचा सांगाडा डच लोक ज्या सायकलीस ‘ओमाफीट्स’, म्हणजे ‘आजीची सायकल’, असें लाडिक नांवानें म्हणतात, तिचाच आहे. तिचें मूळ जुन्या इंग्लिश सायकलींत आहे. आपल्याकडे दूधवाल्यांनीं आणि पोस्टमननीं वर्षानुवर्षें वापरलेली काळी सायकलहि त्याच कुळांतली. हँडल मागें वळलेलें असल्यामुळें बसणारा खुर्चींत बसल्याप्रमाणें ताठ बसतो व चोहोंकडे पाहूं शकतो. मधला दांडा खालीं वाकलेला असतो, त्यामुळें पाय मागून फिरवून टाकावा लागत नाहीं. साखळी पुरत्या बंद पेटींत असते. पाऊस तिला गंजवीत नाहीं आणि तिचें तेल कपड्यांना लागत नाहीं. मागच्या चाकाच्या दोहों बाजूंस कोटाचा घोळ आऱ्यांत जाऊं नये म्हणून पडदे लावलेले असतात. साडीचा पदर चाकांत अडकून झालेले अपघात ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या क्षुल्लक दिसणाऱ्या पडद्यांचें मोल निराळें सांगावयास नको. गिअर बहुधा मागच्या चाकाच्या तुंब्यांत बंदिस्त असतात आणि ते सायकल उभी असतांनाहि बदलतां येतात. कांहीं सायकलींस पायडल उलटें दाबलें म्हणजे ब्रेक लागतो. नवख्या परदेशी माणसाची पहिल्या दिवशीं त्यामुळें चांगलीच तारांबळ उडते. दिवे, मडगार्ड, कॅरिअर, स्टँड आणि मागच्या चाकास वेढणारें गोल कुलूप हें सारें सायकलीबरोबरच येतें. अंगावर असतील त्या कपड्यांनिशीं, पावसांत किंवा अंधारांत, तयारीवांचून बाहेर पडतां यावें, हा यामागचा हिशेब आहे.

या सांगाड्यांत मोटर कोठें बसवावी, याविषयीं मतभेद आहे. पुढच्या चाकांत बसविलेली मोटर स्वस्त पडते. परंतु ओल्या रस्त्यावर तें चाक घसरण्याचें भय असतें. पायडलांजवळ बसविलेली मोटर महाग, पण तिचें वजन खालीं व मध्यभागीं राहतें, आणि पावलाचा दाब ओळखून ती तितक्याच बेतानें जोर लावते. युरोपांतील कायद्याप्रमाणें अशा सायकलीची मोटर 250 वॉटहून अधिक शक्तीची असतां कामा नये. पाय थांबले कीं तिची मदत थांबते, आणि ताशी 25 किलोमीटर वेग झाला कीं ती स्वस्थ बसते. म्हणून हिला परवाना लागत नाहीं. ताशी 45 किलोमीटरपर्यंत मदत करणारी जात निराळी. तिला 1 जानेवारी 2017 पासून हॉलंडमध्यें मोपेडचे नियम, हेल्मेट आणि नंबराची पाटी लागू झाली.

बॅटरी बहुधा 400 ते 600 वॉट-अवर्सची असते. घरगुती हिशेबानें सांगावयाचें, तर पूर्ण भरण्यास विजेचें अर्धें युनिट किंवा थोडें अधिक पुरतें. तेवढ्यावर शांत हवेंत 60 ते 100 किलोमीटर जातां येतें. कडाक्याची थंडी आणि समोरचा वारा असला, तर मात्र हा आंकडा बराच खालीं येतो. दुकानदार पहिला आंकडा सांगतो, दुसरा गिऱ्हाइकाला जानेवारींत कळतो.

खरी अडचण वजनाची आहे. मोटर आणि बॅटरी धरून ही सायकल 25 किलोंच्या आसपास भरते. आम्स्टरडॅमच्या जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे व अरुंद. त्यांवरून ती वर नेणें तरण्या माणसासहि जड जातें. स्टेशनांवरील दुमजली घोड्यांच्या वरच्या मजल्यावर ती चढविणें हाहि एक व्यायामच. युट्रेक्ट स्टेशनाखालीं 2019 सालीं पुरा झालेला 12,500 सायकलींचा तळ पाहून पाहुणे थक्क होतात. परंतु ज्याच्या दाराशीं तळमजल्यावर सुरक्षित जागा नाहीं, त्यानें ही सायकल घेतांना दोनदां विचार करावा. दोन-तीन हजार युरोंची वस्तु रात्रभर रस्त्यावर ठेवावयाची, तर गोल कुलुपाबरोबर जाड साखळीहि हवी, आणि बॅटरी काढून घरांत न्यावयास हवी.

दुरुस्तीचा प्रश्नहि तितकाच महत्त्वाचा. आम्स्टरडॅमची व्हॅनमूफ ही प्रसिद्ध कंपनी जुलै 2023 मध्यें दिवाळखोर ठरली. तिच्या सायकलींचे पुष्कळसे भाग खास तिचेच, आणि कुलूप उघडावयाचें तें फोनवरून. त्यामुळें मालकांना सुट्या भागांची आणि किल्लीची अशी दुहेरी चिंता पडली. पुढें त्याच वर्षीं दुसऱ्या कंपनीनें ती विकत घेतली. कोपऱ्यावरच्या दुकानांत दुरुस्त होईल तेवढीच सायकल घ्यावी, असें सांगणाऱ्या जुन्या माणसांचें म्हणणें त्या महिन्यांत पुष्कळांना आठवलें असेल.

या सायकलीनें सर्वांत अधिक उपकार केले ते वृद्धांवर. गुडघे कुरकुरूं लागल्यावर जे घरीं बसले असते, ते आज वाऱ्याची पर्वा न करतां नातवंडांकडे आणि बाजारांत जातात. परंतु 2022 सालीं त्या देशांत सुमारें 290 सायकलस्वार अपघातांत मृत्यु पावले, आणि त्यांत निम्म्याहून अधिक साठीच्या वरचे होते. हे सारे विजेच्या सायकलीवर होते असें मुळींच नाहीं. तरी सत्तरीचा माणूस जड सायकलीवरून, पूर्वीपेक्षां अधिक वेगानें जाऊं लागला, ही गोष्ट डोळ्यांआड करतां येत नाहीं. वृद्ध पडतात ते पुष्कळदां मोटारीच्या धक्क्यानें नव्हे, तर चढतां-उतरतांना तोल जाऊन. म्हणून तेथें ‘दोरट्रापन’, म्हणजे ‘पायडल मारीत रहा’, या नांवाचा सरकारी उपक्रम वृद्धांसाठीं चालविला जातो. आणि कांहीं कारखान्यांनीं दांडा अगदीं जमिनीलगत आणून, बैठक इतकी खालीं घेतली आहे, कीं सिग्नलापाशीं बसल्या जागीं दोन्ही पाऊलें रस्त्यावर टेकतात.