कुलपापेक्षा पावती मोठी

बँकेच्या काउंटरवर पाच हजार रुपये भरणारा ग्राहक पावतीवर शिक्का उमटल्याखेरीज जागचा हलत नाही. आकडा बरोबर आहे ना, तारीख पडली आहे ना, हे तो तेथेच उभा राहून पाहतो आणि तसे पाहणे योग्यच आहे. आपली वस्तू दुसऱ्याच्या हवाली केली की तिचा पुरावा आपल्या हाती असावा, हा व्यवहाराचा पहिला धडा होय. हाच चोखंदळपणा विमानतळावर मात्र आपल्याला सोडून जातो. तेवीस-तेवीस किलोंच्या दोन बॅगा पट्ट्यावर चढवल्यावर कुलूप तेवढे दोनदा ओढून पाहिले जाते. हाती पडलेली बारकोडची चिठ्ठी कोठे ठेवली, हे पुढच्या क्षणी आठवत नाही. वास्तविक आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाचे रक्षण कुलपापेक्षा ती चिठ्ठीच अधिक करते. ते कसे, हे या लेखात पाहू.

रायपूरच्या मराठी वाचकांना हा विषय परका नाही. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची नवी पिढी शिक्षणासाठी व नोकरीसाठी अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया आणि आखाती देशांत पोहोचली आहे. तात्यापाऱ्यातील घरी असो की चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात, मुलांकडे जाऊन आलेल्या आईवडिलांच्या गप्पांत बॅगांचा विषय निघतोच. माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावरून परदेशी निघालेल्या प्रवाशाला सहसा दिल्ली, मुंबई किंवा हैदराबाद येथे विमान बदलावे लागते, आणि नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची आहे. विमान वाहतूक क्षेत्राला संगणकसेवा पुरवणाऱ्या 'सिटा' या संस्थेच्या अहवालांनुसार २००७ मध्ये जगभरात दर हजार प्रवाशांमागे सुमारे १९ बॅगा चुकत, रखडत किंवा खराब होत असत. २०२४ मध्ये हे प्रमाण ६.३ पर्यंत खाली आले. परंतु बॅग चुकण्याचे सर्वांत मोठे कारण तेव्हाही विमानबदल हेच होते. थेट विमान मिळणाऱ्या महानगरातील प्रवाशापेक्षा रायपूरकराने अधिक सावध का असावे, हे यावरून ध्यानात येईल.

कुलूप काय करते, काय करत नाही

कुलूप निरुपयोगी आहे असे नव्हे. बॅग आपोआप उघडणे आणि जाता जाता हात घालण्याचा मोह, या दोन्हींना ते आवर घालते. मात्र त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. चेन असलेल्या बॅगेचे दात साध्या बॉलपेनच्या टोकाने विलग करता येतात आणि कुलूपबंद रनर मागेपुढे फिरवला की चेन पूर्ववत् मिटते. कुलूप जागचे हलतही नाही. म्हणून चेनऐवजी खटक्यांनी बंद होणारी कठीण कवचाची बॅग अधिक चांगली.

अमेरिकेत २००३ च्या आरंभापासून विमानाच्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक बॅगेची तपासणी होते. संशय आल्यास तेथील टीएसए ही सुरक्षा यंत्रणा प्रवाशाच्या अनुपस्थितीत बॅग उघडू शकते आणि आवश्यक वाटल्यास कुलूप तोडू शकते. बॅग उघडली असल्यास तशी सूचनेची चिठ्ठी आत ठेवली जाते. कुलूप तुटू नये यासाठी पत्त्यातील चौकटच्या आकाराचे लाल चिन्ह असलेली विशिष्ट कुलपे मिळतात. त्यांच्या सामाईक किल्ल्या या यंत्रणेकडे असतात. मात्र २०१५ मध्ये या किल्ल्यांच्या प्रतिकृती छापता येतील असे आराखडे इंटरनेटवर प्रसिद्ध झाले. तेव्हा हे कुलूप तपासणीच्या सोयीचे आहे, तिजोरीचे नव्हे, एवढे समजून ते वापरावे.

यापेक्षा स्वस्त उपाय आम्हां बँकवाल्यांच्या परिचयाचा आहे. रोकडीच्या पिशवीला लावतात तसे क्रमांकाचे प्लास्टिक सील बॅगेला लावावे व तो क्रमांक टिपून ठेवावा. सील चोरी थांबवत नाही, परंतु बॅग उघडली गेल्याचे विमानतळ सोडण्यापूर्वीच सांगते. तक्रारीच्या दृष्टीने ही वेळ फार मोलाची असते.

दहा आकडी खातेक्रमांक

बॅगेच्या मुठीला गुंडाळल्या जाणाऱ्या टॅगवर दहा आकडे असतात. पहिल्या आकड्यानंतरचे तीन आकडे विमानकंपनीचा संकेतांक दर्शवतात आणि शेवटचे सहा बॅगेचा अनुक्रमांक असतो. बॅगेच्या प्रवासापुरता हाच तिचा खातेक्रमांक. बॅग स्वीकारणे, विमानात चढवणे, विमानबदलाच्या ठिकाणी सोपवणे व प्रवाशाला परत करणे या टप्प्यांवर तिची नोंद ठेवावी, असा 'आयाटा' या विमानकंपन्यांच्या जागतिक संघटनेचा १ जून २०१८ पासूनचा नियम आहे.

प्रवासी आणि बॅग यांची ही गाठ घट्ट होण्यामागे एक दुःखद इतिहास आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान आयर्लंडनजीक समुद्रावर स्फोटाने कोसळले आणि ३२९ जीव गेले. स्फोटके असलेली बॅग व्हँकुव्हर येथे दुसऱ्या कंपनीच्या विमानासाठी स्वीकारली गेली होती आणि टोरांटोमार्गे पुढे पाठवली गेली. ती देणारा प्रवासी मात्र विमानात चढलाच नव्हता. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकरबी येथे पुन्हा २७० जणांचा बळी गेला. त्यानंतर प्रवाशाविना बॅग जाऊ द्यायची नाही, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय उड्डाणांत कटाक्षाने पाळले जाऊ लागले. एखादा प्रवासी दाराशी पोहोचला नाही म्हणून विमान थांबवून त्याची बॅग शोधली जाते, तेव्हा होणाऱ्या विलंबाबद्दल कुरकुर करण्यापूर्वी हे आठवावे.

प्रवाशाने आपल्या बाजूने तीन गोष्टी कराव्यात. जुन्या प्रवासाचे सर्व टॅग व बारकोड काढून टाकावेत, कारण यंत्र चुकीचा बारकोडही वाचू शकते. टॅगवर अंतिम मुक्कामाचा संकेतांक आहे की केवळ दिल्ली-मुंबईचा, हे काउंटरवरच पाहावे. टॅगचे, बंद बॅगेचे व उघड्या बॅगेतील सामानाचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊन त्याची एक प्रत घरच्यांकडे पाठवावी. नाव व फोन क्रमांकाची चिठ्ठी बॅगेच्या आतही असावी, कारण बाहेरची मूठ तुटू शकते.

एक तिकीट की दोन?

आता पैशाचा प्रश्न. १९२९ च्या वॉर्सा करारानुसार हरवलेल्या सामानाची भरपाई वजनावर ठरत असे. किलोमागे २५० सुवर्ण फ्रँक, म्हणजे सुमारे १७ एसडीआर, ही तिची मर्यादा होती. पैठणी असो वा रद्दी, किलोचा भाव एकच! भारताने २००९ मध्ये १९९९ चा माँट्रियल करार स्वीकारला. या करारात मर्यादा किलोमागे नसून प्रवाशामागे आहे आणि २८ डिसेंबर २०२४ पासून ती १५१९ एसडीआर आहे.

एसडीआर म्हणजे विशेष आहरण अधिकार. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १९६९ मध्ये निर्माण केलेले हे हिशेबाचे एकक डॉलर, युरो, युआन, येन व पौंड या पाच चलनांच्या मूल्यावर ठरते. विनिमयदरानुसार १५१९ एसडीआर साधारणतः पावणेदोन ते दोन लाख रुपयांच्या दरम्यान येतात.

देशांतर्गत प्रवासासाठी मात्र आपल्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या २०१९ च्या प्रवासी सनदेत प्रतिप्रवासी २०,००० रुपये ही मर्यादा नमूद आहे. रायपूर-दिल्ली आणि दिल्ली-फ्रँकफर्ट हा प्रवास एकाच आरक्षणात असेल तर करारानुसार पहिला टप्पाही आंतरराष्ट्रीय वाहतुकीचाच भाग ठरतो. दोन स्वतंत्र तिकिटे काढल्यास रायपूर-दिल्ली हा निव्वळ देशांतर्गत प्रवास मानला जाण्याची शक्यता असते. शिवाय दिल्लीत बॅग स्वतः उतरवून पुन्हा सोपवावी लागते आणि पहिले विमान उशिरा आल्यास दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही. दोन-तीन हजारांच्या बचतीसाठी तिकिटे तोडण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहावा. एका आरक्षणाचा आणखी लाभ असा की, बॅग हरवल्यास पहिली कंपनी, शेवटची कंपनी किंवा जिच्या ताब्यात ती हरवली ती कंपनी, यांपैकी कोणाकडेही दाद मागता येते.

ही मर्यादा कमाल आहे, हमखास मिळणारी रक्कम नव्हे, हेही लक्षात ठेवावे. प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते. खरेदीची बिले आणि कार्डाने केलेल्या व्यवहारांची खातेविवरणे येथे उपयोगी पडतात. सामान अधिक मोलाचे असेल तर ते सोपवतानाच मूल्य जाहीर करून, कंपनी मागेल ते जादा शुल्क भरून, मर्यादा वाढवून घेण्याची तरतूद करारात आहे. तथापि दागिने, रोकड, परकीय चलनाचे कार्ड, मूळ प्रमाणपत्रे, लॅपटॉप आणि रोजची औषधे हातसामानातच ठेवावीत. शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्याची मूळ गुणपत्रिका हरवली तर तिची भरपाई कोणत्याही चलनात होत नाही.

बॅग आली नाही तर

पट्टा थांबला आणि बॅग आली नाही, तर सामानाच्या दालनातून बाहेर पडण्यापूर्वीच विमानकंपनीच्या काउंटरवर 'प्रॉपर्टी इर्रेग्युलरिटी रिपोर्ट' म्हणजे पीआयआर नोंदवावा आणि त्याची प्रत व संदर्भ क्रमांक घ्यावा. प्रवास विम्याचा दावाही सहसा या कागदाविना पुढे सरकत नाही. यापुढच्या मुदती काटेकोर आहेत. सामान खराब झाल्यास ते मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाल्यास हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. बॅग येणे अपेक्षित होते त्या दिवसापासून २१ दिवस उलटले तर ती हरवली असे धरून प्रवासी आपला हक्क बजावू शकतो. न्यायालयात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. बॅग रखडलेल्या काळात घेतलेल्या आवश्यक कपड्यांची व वस्तूंची बिले जपून ठेवावीत.

परतीच्या प्रवासात भारतातील पहिल्या विमानतळावर सहसा सामान ताब्यात घेऊन कस्टम्समधून बाहेर काढावे लागते व रायपूरसाठी पुन्हा सोपवावे लागते. सील, कुलूप व चाके तेथेच तपासावीत. रायपूरला पोहोचल्यावर कोणत्या टप्प्यात काय झाले हे सांगणे अवघड जाते.

बॅगेत काय आहे, हे आपणच जाणावे

बॅगेतून काही जाण्याइतकाच मोठा धोका बॅगेत काही येण्याचा असतो. जुलै २०१९ मध्ये दोहा विमानतळावर मुंबईच्या एका तरुण दांपत्याच्या सामानात चार किलोंहून अधिक चरस सापडले. ते पाकीट नात्यातील व्यक्तीने विश्वासाने सोपवले होते. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. पुढे भारतातील तपासातून त्यांची फसवणूक झाल्याचे समोर आले आणि २०२१ मध्ये ते निर्दोष सुटून मायदेशी परतले. परंतु तोवर सुमारे पावणेदोन वर्षे कारागृहात गेली होती. "एवढे पार्सल माझ्या भाच्याला द्या हो," ही विनंती आपल्याकडे मोडवत नाही. अशा वेळी पाकीट समोर उघडून पाहावे, अन्यथा नम्रपणे नकार द्यावा.

फराळाच्या डब्याचीही चौकशी करावी. अनारशांवरची व मसाल्यातील खसखस संयुक्त अरब अमिराती व सौदी अरेबियात निषिद्ध आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे सोबतचे खाद्यपदार्थ घोषित करावे लागतात. पॉवर बँक व सुट्या लिथियम बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे हातसामानातच न्याव्या लागतात. त्या बॅगेत आढळल्यास बॅग अडवली जाऊ शकते आणि आपण पुढे व बॅग मागे अशी स्थिती होते.

प्रवासाच्या आदल्या रात्री अर्धा तास काढून सामानाची यादी करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि बिले एका पाकिटात ठेवावीत. या पाकिटातच टॅगची चिठ्ठी ठेवावी आणि बॅग घरी उघडून सर्व वस्तू यादीप्रमाणे मिळेपर्यंत ती फेकू नये. विम्याचा किंवा भरपाईचा प्रसंग आला, तर सर्वप्रथम तिचीच मागणी होते.