लेबलवरचे मिलीवॅट

गोवंडीला खेटून असलेल्या ट्रॉम्बेत, आज जिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, तिथे १९६४ साली गॅलियम आर्सेनाइडचा अर्धवाहक लेझर तयार झाला. तो बनवणारे आणि मोजणारे हात एकाच प्रयोगशाळेतले होते. आज पेनाएवढा लेझर फुटपाथवर मिळतो, पण त्याची शक्ती सांगायला एक चिकटवलेले लेबल तेवढे असते. त्या लेबलवर विसंबणे धोक्याचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १२२ लेझर पॉइंटर तपासून २०१३ साली निष्कर्ष मांडले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लाल पॉइंटरपैकी सुमारे ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते. नियमाची मर्यादा होती ५ मिलीवॅट.

जास्त शक्तीचा लेझर जास्त लखलखेल आणि ते दिसेलच, असे कुणी म्हणेल. पण डोळा हे शक्ती मोजण्याचे साधन नाही. सारख्याच शक्तीचा हिरवा ठिपका लालपेक्षा सुमारे आठपट तेजस्वी भासतो, तर जांभळा जेमतेम दिसतो. हिरव्या पेनात आणखी एक गोम आहे. आतला डायोड ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश देतो, एक स्फटिक त्यातून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश तयार करतो आणि दुसरा स्फटिक ती तरंगलांबी निम्मी करून ५३२चा हिरवा बाहेर काढतो. उरलेला अवरक्त अडवणारा छोटा फिल्टर स्वस्त मालात अनेकदा नसतोच. डोळा आपसूक मिटतो हा युक्तिवादही इथे लंगडा पडतो. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, आणि तीही प्रकाश दिसला तरच मिटते. न दिसणारा अवरक्त दृष्टिपटलावर खुशाल पडत राहतो. काडी पेटवून किंवा फुगा फोडून ‘पॉवर’ दाखवणाऱ्यांबद्दल काय बोलावे! त्यातून कळते ते किरण किती एकवटला आहे आणि फुग्याचा रंग कोणता, एवढेच.

मोजणीचे यंत्र महाग असते, प्रत्येक गिऱ्हाईक ते कुठून आणणार, हा आक्षेप मात्र रास्त आहे. पण मोजायचे गिऱ्हाइकाने नाहीच. आयातदाराने किंवा ठोक व्यापाऱ्याने प्रत्येक खेपेतले काही नग तपासले तरी पुष्कळ. त्यातही स्वस्त फोटोडायोड मीटर फसवतो: त्यातले सिलिकॉन हिरव्यापेक्षा ८०८च्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतो, त्यामुळे गळणारा अवरक्त ‘हिरवा’ म्हणूनच मोजला जातो. थर्मोपाइल सेन्सर किरणाची उष्णता मोजतो, म्हणून त्याला रंगाचे फारसे वावडे नाही. फक्त तो सावकाश चालतो आणि हाताच्या उबेनेही बिचकतो. एकदा नुसते आणि एकदा अवरक्त अडवणारा फिल्टर लावून मोजले, की त्या फिल्टरमध्ये अडणाऱ्या हिरव्याचा हिशेब धरून गळती किती ते कळते. सेल नवे हवेत, कारण उतरलेल्या सेलवर धोकादायक पेनही गरीब दिसते. हिरव्याची शक्ती तापमानाबरोबर वरखाली होते, तेव्हा मिनिटभर मोजून सरासरीऐवजी सर्वांत मोठा आकडा नोंदवावा.