नाणेघाट खालून चढावा

पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाटाच्या माथ्यावर जत्रा भरते. जुन्नरकडून गाड्या थेट कड्याजवळ येतात. कोकणातून उसळणारा वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो, माणसं चिंब भिजतात, फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परततात. त्यात वावगं काही नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वी इथून जाणाऱ्या माणसांसाठी जे कोरून ठेवलं आहे, ते माथ्यावरून थोडं खाली उतरल्यावर दिसतं. आणि ते इथेच का कोरलं, हे कळायचं तर घाट त्यांच्यासारखाच खालून चढावा लागतो.

कल्याण-मुरबाड-माळशेज महामार्गावर टोकावडे मागे टाकलं की वैशाखरे येतं. गाव ओलांडल्यावर रस्त्यालगतच पायवाट फुटते. समोर सह्याद्रीची भिंत आणि तिच्यावर उभा राहिलेला ‘नानाचा अंगठा’ हा सुळकेदार कडा दिसतो. त्याच्या शेजारची खाच म्हणजे आपला घाट. दिशा चुकायची भीती वाटली की अंगठ्याकडे बघावं.

पहिला टप्पा रानातून जातो. वाट हळूहळू वर सरकते, मधे ओढा आडवा येतो. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, पावसात मात्र त्याच्या पाण्याचा अंदाज घेऊनच पाय टाकावा. मग चढ लागतो. एकूण उंची साधारण सातशे मीटर गाठायची असते. बेताच्या चालीला अडीच-तीन तास पुरतात. दमछाक होते, पण हाताने धरून चढावं असा कातळ कुठे आडवा येत नाही. वाट वळणं घेत जाते, मधेमधे दगड बसवलेले दिसतात, वरच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात आणि पाण्याची टाकीही. पाठीवर बोजा घेतलेली जनावरं आणि माणसं चढू शकतील, असाच हा रस्ता बेतला आहे. आपल्या पाठीवरची सॅक जड वाटू लागली की ही आखणी जास्त चांगली समजते.

खाली कोकणात कल्याण आणि सोपारा ही बंदरं होती. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्राचीन सागरी मार्गदर्शकात दोन्हींचा उल्लेख आहे. वर देशावर जुन्नर आणि त्याच्याही पलीकडे सातवाहनांची राजधानी पैठण. मधे सह्याद्री. बंदरात उतरलेला माल देशावर न्यायचा आणि देशावरचा जहाजापर्यंत पोचवायचा, तर या भिंतीत सापडेल त्या फटीतूनच वाट काढावी लागे. नाणेघाट ही तशी एक फट, आणि ज्याच्या ताब्यात ती, त्याच्या हाती व्यापाराची नाडी.

चढ संपत आला की वाट नाळेत शिरण्याआधी लेणं लागतं. इथे स्तूप नाही, भिक्षूंच्या खोल्या नाहीत. आहे ते एक चौकोनी दालन. मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या आठ प्रतिमा होत्या. आज त्यांच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात, पण वर कोरलेल्या नावांमुळे कोण कुठे होतं ते बरंचसं कळतं: राजवंशाचा संस्थापक सिमुक, राजा सातकर्णी आणि राणी नागनिका, राजकुमार, आणि राणीचे वडील मानले जाणारे महारठी त्रणकयिर.

डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत लांबलचक लेख आहे. तो नागनिकेचा मानतात आणि त्याचा काळ सामान्यतः इसवी सनपूर्व पहिलं शतक धरतात. सुरुवातीला इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी: गाई, घोडे, हत्ती, गावं आणि कार्षापण नावाची नाणी. दक्षिणेचे आकडे अंकांत कोरलेले आहेत. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. त्यात शून्य नाही. शंभरासाठी स्वतंत्र चिन्ह आहे आणि चारशे लिहायचे तर त्यालाच चाराचं चिन्ह जोडलं आहे. विल्यम साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. अंकांचा उलगडा करण्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा मोठा वाटा आहे.

एवढी दौलत राजधानीत न मिरवता या आडरानात का मिरवली? घाट चढून आलेल्याला हा प्रश्न फार वेळ छळत नाही. धाप लागलेला प्रत्येक व्यापारी इथे टेकणार, पाणी पिणार, मान वर करून बघणार. परमुलखातून आलेल्या त्या माणसाला या रस्त्याचा धनी कोण, हे सांगायला याहून मोक्याची जागा नव्हती.

लेण्यापासून वर दोन कातळभिंतींमधली अरुंद नाळ चढली की एकदम सपाटी आणि तिथे दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं सगळेच सांगतात. मोजून कर घेणारी माणसं उघड्यावरच्या रांजणात पैसे साठवतील का, अशी शंका घ्यायला जागा आहे. पाणपोईचा रांजण म्हणूनही तो शोभतो. नाळ मात्र इतकी अरुंद आहे की चार शिपाई उभे केले तर एकही बैल जकात चुकवून जाणार नाही.

माथ्यावर नानाच्या अंगठ्यावरून पायथ्यापासून चाललेली वाट बरीचशी नजरेत येते. जवळच जीवधन किल्ला आणि त्याला खेटून उभा वानरलिंगी सुळका. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी ही किल्ल्यांची रांग या मार्गावर नजर ठेवून आहे. कुकडी नदी याच परिसरात उगम पावते. पूर गावचं कुकडेश्वराचं कोरीव मंदिर जुन्नरच्या वाटेवर आवर्जून पाहावं. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि तिथल्या काही दानलेखांत देणाऱ्यांनी स्वतःला ‘यवन’ म्हटलं आहे. परदेशी पाहुणे इथवर आले, स्थिरावले आणि त्यांनी दानधर्मही केला. त्यातले काही याच घाटाने चढले असावेत.

जायचं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उलटा धबधबा हवा असेल तर पावसाळा, पण मग निसरडे दगड आणि धुकं यांची तयारी हवी. कल्याणहून माळशेजमार्गे आळेफाट्याकडे जाणारी एसटी वैशाखऱ्यापर्यंत आणून सोडते. पाणी खालूनच भरून घ्यावं. टाक्यांतल्या पाण्यावर विसंबू नये. लेण्यात चूल पेटवू नये, कारण धुराची काजळी अक्षरांवर बसते. एका दिवसात चढउतार सहज होतो. दोन दिवस हाताशी असतील तर माथ्याजवळच्या घाटघर गावात मुक्काम करावा, दुसऱ्या दिवशी जीवधन पाहावा आणि कोकणात परत न उतरता जुन्नर गाठावं. जुना व्यापारीही तिकडेच निघाला होता.