शेवाळाला खाऊ कोण घालतं?

डोंबिवलीतल्या एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात दोन फुटी टाकी आहे. समोरची काच इतकी हिरवी झालीय की आतले एंजल मासे जवळ आल्याशिवाय दिसतच नाहीत. टाक्यांची देखभाल करणारा माणूस दारात उभा राहतो न राहतो तोच घरातले विचारतात, ‘‘यावर काही औषध नाही का हो?’’ तो त्याचं उत्तर देत नाही. दिवा किती वाजता लागतो आणि किती वाजता बंद होतो, एवढंच विचारतो.

नक्की कुणालाच सांगता येत नाही. सकाळी चहाला जो पहिला उठेल तो लावतो, रात्री टीव्हीबरोबर बंद होतो. म्हणजे पंधरा-सोळा तास झाले. मग तो खाण्याची चौकशी करतो. आजोबा सकाळी चिमूटभर टाकतात. नातू शाळेतून आला की तो टाकतो. संध्याकाळी मासे काचेशी येऊन ‘मागतात’, म्हणून सूनबाई टाकतात. आपल्याआधी कुणी टाकलंय हे तिघांपैकी एकालाही माहीत नसतं, आणि नातवाची चिमूट म्हणजे जवळजवळ मूठच.

न खाल्लेले दाणे खडीत जाऊन कुजतात. त्यातून आणि माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया होतो. फिल्टरच्या स्पंजात वस्ती करून असलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया माशांना विषारी. नायट्रेट त्या मानानं सौम्य, पण शेवाळाचं ते आवडतं खत. खाद्यातला फॉस्फरस वेगळाच. वर सोळा तास उजेड! या घरात माशांपेक्षा शेवाळाचीच बडदास्त जास्त चालली होती, आणि आता त्यालाच मारायला औषध हवं होतं.

सगळं शेवाळ एका जातीचं नसतं, हे तो काचेवर बोट फिरवून दाखवतो. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत तपकिरी थर येतो. ते डायटम. बोटानंही पुसले जातात, आणि टाकी रुळली की बहुधा आपोआप ओसरतात. पानांच्या कडांवर काळ्या दाढीसारखं जे चिकटतं ते वर्गीकरणात लाल शेवाळ; मेलं की खरोखरच लालसर पडतं. निळसर हिरवी बुळबुळीत साय येते, चादरीसारखी सोलून निघते आणि कुबट वास मारते, ते तर शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू.

मग काम सुरू होतं. आधी सगळे प्लग काढायचे, मगच पाण्यात हात. काच असेल तर ब्लेड चालतं. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे उठतात. कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या सांध्याला ब्लेड लागू द्यायचं नाही, नाहीतर टाकी गळायला लागते. खडीच्या रेषेजवळ त्याचा हात मंदावतो, कारण ब्लेड आणि काचेमध्ये वाळूचा एक कण अडकला तरी कायमची चीर पडते. मागची काच तो मुद्दाम तशीच ठेवतो. घरातल्यांना ते पटत नाही, पण तिथलं शेवाळही पाण्यातलं नायट्रेट शोषतच असतं.

खरवडलेलं शेवाळ खाली बसायच्या आत सायफनच्या नळीनं ओढून घेतलं जातं. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीत काठोकाठ 70 लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण 60. त्यातली आंघोळीची एक मोठी बादली, 18 ते 20 लिटर, काढायची. दर आठवड्याला तेवढंच. सगळं पाणी एकदम बदलून टाकी ‘चकाचक’ करण्याची हौस पुष्कळांना असते. पाण्याच्या त्या अचानक बदलानं मासे आजारी पडतात. स्पंज त्या काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही, कारण क्लोरीननं त्यातले जिवाणू मरतात. साबण तर नावालाही नको. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब घालायचे. रात्रभर उघड्या बादलीत ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो, क्लोरामाइन मात्र राहतो.

औषधाच्या बाटलीला तो इतका का बिचकतो? शेवाळ मारणाऱ्या कित्येक औषधांत तांबं असतं. गोगलगाई आणि कोळंबी त्यानं मरतात, आणि पाणी मृदू असेल तर मासेही सुरक्षित नसतात. शिवाय एका दिवसात मेलेलं शेवाळ पाण्यातच कुजतं आणि कुजताना प्राणवायू खातं. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर टाकीत प्राणवायू कमी पडतोय असंच बहुधा समजायचं.

त्याचा इलाज कंटाळवाणा आहे. दिव्याला टायमर लावायचा, सात-आठ तासांवर. खाणं एकाच माणसानं घालायचं, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढं. टाकीच्या काठावर मनीप्लँटची फांदी अशी ठेवायची की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. तो नायट्रेट भराभर ओढतो. आणि दक्षिणेच्या खिडकीकडे लक्ष ठेवायचं. मे महिन्यात तिथून ऊन आत येत नाही, डिसेंबरात सूर्य खाली कलला की थेट टाकीवर पडतं. ‘काहीच बदललं नाही, तरी हिरवं झालं’ या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं.

दुकानदार मात्र ‘सकर’ घ्या म्हणतो. दोन इंचांचा असताना तो काचा साफ करतो, हे खरं. पुढे फूटभराहून मोठा होतो, शेवाळ सोडून दाण्यांवर ताव मारतो आणि टाकी आणखी घाण करतो. मग कुणीतरी त्याला तळ्यात सोडून येतं. दक्षिण अमेरिकेतला हा मासा पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत असाच फोफावला, आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात.

जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी टाकीतल्या शेवाळासाठी वापरात आणलेली कोळंबी त्यापेक्षा बरी. तिची पिल्लं खारट पाण्याशिवाय जगत नाहीत, त्यामुळे टाकीत संख्या वाढत नाही. पण एंजलच्या टाकीत लहान कोळंबी सोडली तर तिचाच नाश्ता होतो. आणि काचेवरच्या कडक हिरव्या ठिपक्यांना तीही सहसा तोंड लावत नाही. तिथे ब्लेडच.