शेवटचा पेपर झाला, आता स्वतःचा निकाल लावा

"तीन वर्षांत काय शिकलात?"

पुण्यातल्या एका छोट्या ऑफिसमध्ये माझी पहिली मुलाखत सुरू होती. बीए इंग्लिशचा निकाल लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते. फर्स्ट क्लास मिळाला होता, मार्कशीटची झेरॉक्स फाइलमध्ये होती. हा तर सोपा प्रश्न, असं वाटून मी पेपरांची नावं सांगायला सुरुवात केली. पोएट्री, ड्रामा, नॉव्हेल, भाषाशास्त्र...

समोरच्या मॅडमनी मला मध्येच थांबवलं. "ते मार्कशीटवर आहेच. तुम्ही काय शिकलात, ते सांगा."

मला काहीच सुचलं नाही. पंख्याचा आवाज ऐकत मी बसून राहिले. ती नोकरी अर्थातच मिळाली नाही. पण एसटीने कराडला घरी येईपर्यंत त्या नोकरीपेक्षा तो प्रश्नच जास्त टोचत होता. तीन वर्षांची फी, पहाटेचा क्लास, बाबांनी पुढे ढकललेलं घराचं रंगकाम आणि एवढं सगळं करून आपल्याला एक वाक्यही सांगता येऊ नये?

दरवर्षी लाखो मुलं-मुली कॉलेजचा शेवटचा पेपर देऊन बाहेर पडतात. निरोप समारंभ होतो, फोटो होतात, निकाल लागतो. पण आपण नक्की काय शिकलो, याचा हिशोब फार कमी जण करतात. मीही केला नव्हता. तो कसा करायचा हे मला उशिरा कळलं. तुमचा कोर्स नुकताच संपला असेल किंवा घरात कुणाचा संपत आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

सुतळी सोडली तेव्हा

घरी आले तेव्हा माझ्या वह्या-पुस्तकांचा गठ्ठा सुतळीने बांधून दाराशी ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी रद्दीवाला येणार होता. काय वाटलं कुणास ठाऊक, मी सुतळी सोडली आणि पहिल्या वर्षाची वही उघडली.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. त्या वहीत जवळजवळ प्रत्येक ओळीवर पेन्सिलने बारीक अक्षरात मराठी अर्थ लिहिलेले होते. एका पानावर तर मी चाळीसेक शब्दांचे अर्थ लिहिले होते. दुसऱ्या वर्षाच्या वहीत हे अर्थ विरळ झाले. तिसऱ्या वर्षाच्या वहीत ते जवळपास नव्हतेच, आणि समासात वेगळंच काहीतरी होतं. "ही असं का वागते?" "हे सरांना विचारायचं." "हे पटलं नाही."

मी अर्थ शोधण्यापासून प्रश्न विचारण्यापर्यंत आले होते आणि माझं मलाच ते कळलं नव्हतं! मुलाखतीत हेच सांगायचं होतं. मार्कशीटवर ते कुठेच नव्हतं.

आठवणीवर विसंबू नका

आपण शिकतो तेव्हा बदल इतका हळू होतो की तो आपल्याला दिसत नाही. एकदा गोष्ट जमायला लागली, की ती पूर्वी जमत नव्हती हेच आपण विसरतो. म्हणून पुरावे समोर ठेवावे लागतात. जुन्या वह्या, पहिल्या सेमिस्टरची असाइनमेंट, जर्नल, प्रोजेक्टचे कच्चे मसुदे, सरांनी लाल पेनाने मारलेले शेरे, मोबाइलमधले प्रॅक्टिकलचे फोटो, सगळं.

आणि हे लवकर करावं लागतं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले स्मरणशक्तीचे प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरगट पाठ करून ते किती वेळाने किती विसरले जातात, हे त्याने मोजलं. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि नंतर तो मंदावतो, असं त्याला आढळलं. कोर्सचंही तसंच होतं. परीक्षा संपली की पहिल्याच काही दिवसांत बरंच काही निसटून जातं. त्यामुळे "नंतर निवांत लिहू" म्हणालात, तर लिहायला फारसं उरत नाही.

वही बंद करून सुरुवात करा

पण वह्या उघडण्याआधी एक गोष्ट करून बघा. एक कोरा कागद घ्या आणि काहीही न बघता, प्रत्येक विषयातलं आज काय आठवतं ते लिहा. मुद्दे, सूत्रं, पात्रं, एखादा प्रयोग, सरांनी दिलेलं एखादं उदाहरण, काहीही चालेल. मग वही उघडून ताडून बघा.

यामागे कारण आहे. रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकन संशोधकांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून न बघता आठवून लिहिला. एका आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांना जास्त लक्षात राहिलं होतं. गंमत म्हणजे, आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री मात्र पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना वाटत होती. वही डोळ्यांसमोर असली की सगळं येतंय असं वाटतं. ती बंद केली की खरं काय ते कळतं.

तीन साधे प्रश्न

आता पुरावे समोर आहेत. पुढे काय? स्वतःच्या अनुभवाकडे वळून बघायच्या अनेक पद्धती आहेत. ग्रॅहम गिब्ज या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञाने 1988 मध्ये मांडलेली सहा पायऱ्यांची पद्धत नर्सिंग आणि बीएड अशा अभ्यासक्रमांत बरीच वापरली जाते. मला मात्र टेरी बॉर्टन या अमेरिकन शिक्षकाचे 1970 मधले तीन प्रश्न सोपे वाटले. काय झालं? मग त्याचं काय? आता पुढे काय?

माझंच उदाहरण देते.

काय झालं? दुसऱ्या वर्षी ग्रुप प्रेझेंटेशन होतं. सगळ्या स्लाइड्स मी बनवल्या. बोलायची वेळ आली तेव्हा घसा बसल्याचं सांगून मी मागच्या बाकावर जाऊन बसले. बोलली माझी मैत्रीण. टाळ्या तिला मिळाल्या आणि मला तिचा रागही आला.

मग त्याचं काय? घसा बसला नव्हता. माझे उच्चार ऐकून कुणी हसेल ही भीती होती. शिवाय राग तिच्यावर नव्हता, स्वतःवर होता. पण हेच लिहिताना आणखी एक गोष्ट दिसली. चार जणींनी गोळा केलेली विस्कळीत माहिती मी एका रात्रीत दहा स्लाइड्समध्ये नीट बसवली होती. त्यानंतर वर्गातल्या मुली आपली असाइनमेंट तपासायला माझ्याकडेच येत होत्या. पसाऱ्यातून मुद्दा काढून तो सोप्या शब्दांत मांडणं मला जमत होतं.

आता पुढे काय? लिखाणाचं काम शोधायचं. आणि रोज पाच मिनिटं मोठ्याने इंग्रजी बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, मग ऐकताना कितीही लाज वाटो.

कंटेंट रायटिंगकडे वळायचं हे माझं त्या कागदावरच ठरलं.

तुम्ही कॉमर्सचे असाल तर प्रसंग वेगळा असेल. ताळेबंद तीनदा जुळला नाही आणि चौथ्यांदा चूक पहिल्याच नोंदीत सापडली, असं काही. आयटीआयचे असाल तर वाया गेलेला जॉब असेल, सायन्सचे असाल तर सतत चुकणारं टायट्रेशन. प्रसंग छोटा असला तरी चालतो, फक्त तो खरा असावा. "माझा आत्मविश्वास वाढला", "टीमवर्क शिकलो" अशी वाक्यं लिहून थांबू नका. कधी, कशामुळे, कशावरून, हे पुढे लिहिलंत तरच त्या वाक्यांना वजन येतं.

जे शिकलो नाही, तेही लिहा

हा भाग अवघड आहे. आमच्या अभ्यासक्रमात विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक इंग्रजी भाषांतरातून होतं. मराठी नाटक मी इंग्रजीत वाचणार होते. खरं सांगायचं तर नीट वाचलंच नाही. गाईडमधून बेणारेबाईंचं व्यक्तिचित्रण पाठ केलं, तेच पेपरात उतरवलं आणि चांगले मार्क मिळाले.

हिशोब लिहिताना "तेंडुलकर: पाठ केलं, वाचलं नाही" असं मी लिहिलं. ते कागदावर बघून फार वाईट वाटलं. मग वाचनालयातून मूळ मराठी पुस्तक आणलं आणि वाचून झाल्यावर संध्याकाळी मटार सोलता सोलता आईला ती गोष्ट सांगायला लागले.

आई दहावी झालेली. लग्नानंतर शिक्षण राहून गेलं, ते राहूनच गेलं. एका गावात नाटकमंडळी जमतात, वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात आणि खेळता खेळता तो खटला बेणारे नावाच्या शिक्षिकेच्या खऱ्या आयुष्यावर घसरतो, असं मी सांगत होते. सांगताना मी दोनदा अडखळले. जिथे अडखळले, तिथे मला स्वतःलाच नीट कळलेलं नव्हतं.

आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "आणि तो प्रोफेसर? ज्याच्यामुळे तिच्यावर ही वेळ आली, तो एकदाही येत नाही?"

"नाही. तो त्या दिवशी आलेलाच नसतो."

"बघ की. जो आलाच नाही तो सुटला, आणि जी आली तिची चौकशी."

मी शेंग हातात धरून तशीच बसले. माझ्या फर्स्ट क्लासच्या उत्तरात हा मुद्दा नव्हता. ज्या बाईने कॉलेजची पायरी चढली नाही, तिने नाटकाच्या मर्मावर बोट ठेवलं होतं. त्या दिवशी मला माझा कोर्स खऱ्या अर्थाने कळला. आणि आईला शिकायला मिळालं असतं तर, हा विचारही पहिल्यांदाच आला.

तेव्हापासून मला काही समजलंय की नाही हे बघायचं असेल, तर मी ते आईला मराठीत सांगून बघते. तुम्हीही घरातल्या कुणाला तरी तुमच्या कोर्समधली एक गोष्ट सोप्या भाषेत सांगून बघा. इंजिनिअर असाल तर आजोबांना, नर्स असाल तर शेजारच्या काकूंना. विषयातले जड शब्द न वापरता सांगता आलं, तर ते तुमचं झालं. नाही आलं, तर कुठे परत जायचं ते कळलं.

दर वर्षी करा, शेवटी नको

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार, म्हणजे 2020 च्या धोरणानुसार, पदवी अभ्यासक्रमातून मध्येच बाहेर पडायची सोय आहे. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षं केली तर ऑनर्स. मिळवलेली क्रेडिट्स अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. ती क्रेडिट्स मिळवताना आपल्याला काय कळलं, याची नोंद मात्र आपल्यालाच ठेवावी लागते. म्हणून प्रत्येक वर्ष संपताना एक पान लिहावं. पुढे जायचं की थांबायचं, कोणता विषय घ्यायचा, इंटर्नशिप कुठे करायची, हे ठरवताना त्या पानाचा उपयोग होतो.

त्या पानावर एवढं असलं तरी पुरे:

• पहिल्या दिवशी जमत नव्हती पण आता जमते अशी एक गोष्ट, पुराव्यासकट.
• फसलेला एक प्रसंग आणि त्याचे तीन प्रश्न.
• नुसतं पाठ केलेलं, न समजलेलं असं काय राहिलं.
• ज्यांनी मदत केली त्यांची नावं. जमलं तर त्यांना एक फोनही करा.
• पुढच्या तीन महिन्यांत करायची एकच गोष्ट.

आई-बाबांसाठी

निकालाच्या दिवशी "किती टक्के?" हे विचारलं जाणारच. पण आठ दिवसांनी मुलांना जवळ बसवून "तुला यातलं सगळ्यात काय आवडलं? मला सांग ना" असंही विचारा. उत्तर लगेच येणार नाही. कदाचित "काही नाही" असंच येईल. तरी विचारा. मार्क कमी असतील, एटीकेटी लागली असेल, तर आणखीच विचारा. कारण त्या वेळी मुलाला वाटत असतं की सगळी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी झाली. बहुतेक वेळा तसं नसतं, पण कुणीतरी विचारल्याशिवाय ते त्याला दिसत नाही.

मराठीत यासाठी छान शब्द आहे, सिंहावलोकन. सिंह चालता चालता थांबतो, मान वळवून आलेल्या वाटेकडे बघतो आणि पुन्हा पुढे निघतो. मागे बघायचं ते पुढे जाण्यासाठीच.

माझ्या दुसऱ्या मुलाखतीत तोच प्रश्न आला. मी पहिल्या वर्षाची आणि तिसऱ्या वर्षाची अशा दोन वह्या सोबत नेल्या होत्या. त्या टेबलावर उघडून ठेवल्या आणि पेन्सिलचे अर्थ दाखवले. त्या नोकरीला आता चार वर्षं होत आली.

आणि रद्दीवाल्याला शेवटी गाईडं दिली. वह्या अजून कपाटात आहेत. आई मधूनमधून विचारते, "तुझ्या कॉलेजच्या पुस्तकांतली अजून एखादी गोष्ट राहिली असेल की सांगायची?"