सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया: नावातला देश आणि खुर्चीवरचे वादक

मुंबईच्या नरिमन पॉइंटवर, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’ ही संस्था उभी आहे. सगळे तिला एनसीपीए म्हणतात. २००६ साली तिथे ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ची स्थापना झाली. एनसीपीएचे अध्यक्ष खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी हा वाद्यवृंद उभा केला. बिसेनगालिएव यांनी त्याआधी आपल्या देशात, उराल्स्क शहरात, शून्यातून एक वाद्यवृंद बांधला होता. ती विद्या मुंबईत आणावी, असा सनटूक यांचा बेत होता. तेव्हापासून साधारणपणे वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास, ११०९ आसनांच्या जमशेद भाभा नाट्यगृहात या वाद्यवृंदाचा मोसम भरतो. मॉस्को, स्वित्झर्लंड आणि ब्रिटनचे दौरेही झाले. देशातला एकमेव व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद, अशी त्याची ओळख सांगितली जाते. पण पहिल्या दिवसापासून एक आक्षेप त्याची पाठ सोडत नाही. नावात इंडिया असले तरी मंचावर नजर टाकली की कायम नोकरीतले भारतीय वादक थोडे दिसतात, आणि उरलेल्या बहुतेक खुर्च्या मोसमापुरते विमानाने आलेले कझाक, रशियन, युरोपीय वादक भरतात. मग हा भारताचा वाद्यवृंद कसा?

आक्षेप घेणाऱ्यांना दिसते ते खरेच आहे. चूक होते ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. परके वादक हा या वाद्यवृंदाचा दोष नाही, ते त्याच्या जन्माआधीच्या सत्तर वर्षांचे बिल आहे. सिंफनी वाद्यवृंद देशाचा झाला की नाही, हे पहिल्या मैफलीला कोण बसले होते यावरून ठरत नाही. त्याच्यामागे शाळा उभी राहिली का, त्या शाळेतून दर वर्षी दोन-चार तयार वादक बाहेर पडतात का आणि त्यांना महिन्याचा पगार मिळतो का, यावरून ठरते. मुंबईत वादकांचा तुटवडा मुळात नव्हता. शाळा आणि पगार यांची गाठ मात्र कधी पडली नाही.

पुरावा शहराच्या इतिहासातच आहे. १९३५ मध्ये मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने ‘बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ काढला. त्यात हौशी पारशी होते, हॉटेलांतून वाजवून पोट भरणारे गोवेकर होते, आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसे होती. त्याच सुमाराला वॉल्टर कॉफमन हा ज्यू संगीतकार नाझींच्या सावलीतून निघून मुंबईला पोचला. आकाशवाणीची ओळखधून, जी सकाळच्या पहिल्या सभेआधी आपल्या दोन पिढ्यांनी ऐकली, ती त्याचीच. त्याने इथे चेंबर संगीताची मंडळी जमवली, रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. म्हणजे १९३०च्या दशकात मुंबईपाशी वादक होते, श्रोते होते आणि युरोपात घडलेला एक जाणकारही होता. या सगळ्याचे पुढे काय झाले? मेहली मेहता १९४५ मध्ये शिकायला न्यूयॉर्कला गेले, परत आले, आणि १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले वाद्यवृंदात रुजू झाले ते पुन्हा कायमचे इथे आले नाहीत. कॉफमन कॅनडात विनिपेगच्या सिंफनी वाद्यवृंदाचा पहिला संचालक झाला. मेहलींचा मुलगा झुबिन १९५४ मध्ये अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेला, संचालक म्हणून त्याची पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. विनिपेगला जे जमले ते मुंबईला का जमू नये? मुंबईत संगीत कमी होते म्हणून नाही. मुंबईत वाद्यवृंद हा हौसेचा मामला होता, आणि हौशी संस्था तिच्या सगळ्यात गुणी माणसाला घरभाडे देऊ शकत नाही.

दुसरा प्रयत्न अधिक बोलका आहे, आणि त्याची आठवण फार थोड्यांना आहे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे हिंदी चित्रपटसंगीतातले नामांकित व्हायोलिनवादक आणि अरेंजर. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांचे शागीर्द. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचे नाव आले ते प्यारेलाल यांच्या गुरुदक्षिणेखातर. या गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ नावाचा शंभरावर वादकांचा ताफा जमवला, रागांवर आधारलेल्या रचना लिहिल्या आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्या वाद्यवृंदासोबत गायला उभे केले. शंभरावर वादक, तेही नोटेशन वाचणारे, तेही एका शहरातले. परदेशातून एकही माणूस मागवावा लागला नाही. हा प्रयोग चार-दोन कार्यक्रमांपलीकडे टिकला नाही, कारण एवढ्या माणसांना एवढ्या तालमींचे पैसे देणारे कोणी नव्हते. १९५८चे वादक आणि २००६चा पैसा एकाच वेळी हाताशी असते, तर हा लेख वेगळ्याच संस्थेवर लिहावा लागला असता.

ते वादक आले कुठून? गोव्यातल्या चर्चच्या पॅरिश शाळांतून. पोर्तुगीज राजवटीत गावोगावच्या या शाळांमध्ये मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवले जाई. हेतू प्रार्थनासंगीताचा होता, पण त्यातून लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवू शकणाऱ्यांची पिढ्यानपिढ्या टिकलेली फळी तयार झाली. गोव्यात त्यांना काम नव्हते, म्हणून ती मुंबईला आली. आधी मूकपटांच्या खड्ड्यात आणि ताजमहाल हॉटेलच्या बॉलरूममध्ये, मग बोलपटांच्या स्टुडिओत. संगीतकार चाल गुणगुणणार, आणि सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर ती कागदावर उतरवून व्हायोलिनचा ताफा, चेलो, ट्रम्पेट यांच्यात वाटून देणार, अशी पद्धत पडली. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये गायकासकट सगळा ताफा एका टेकमध्ये गाणे उतरवत असे; एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा. शिस्तीच्या दृष्टीने हा रोज भरणारा सिंफनी वाद्यवृंदच होता, आणि त्याला रोकडा मेहनताना मिळत होता. मात्र चित्रपटसृष्टीने वादक वापरले, घडवले नाहीत. घडवण्याचे काम ती गोव्यातल्या पाद्र्यांवर आणि घरच्या वडीलधाऱ्यांवर सोडून मोकळी होती. दुसरे असे, की तीन मिनिटांच्या गाण्यात चार सुरांची झेप घेणारा व्हायोलिनवादक आणि चाळीस मिनिटांची ब्राम्सची सिंफनी पेलणारा व्हायोलिनवादक यांच्यात बोटांचा नाही, पण दमाचा फरक असतो. १९८०च्या दशकापासून सिंथेसायझर आणि मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण आले, तेव्हा ताफे पांगले. बापाने मुलाच्या हाती व्हायोलिन द्यावे असे कारणच उरले नाही. २००६ मध्ये पैसा, सभागृह आणि इच्छा एकत्र आली, त्याआधीच ही पुरवठ्याची वाट बुजली होती. कझाक वादकांची खुर्ची ही अशी रिकामी झालेली खुर्ची आहे.

याच्या उलट काय घडू शकले असते, हे पाहायचे तर मुंबईसारख्याच दुसऱ्या वसाहतकालीन बंदराकडे पाहावे. शांघायमध्ये १८७९ साली परक्यांच्या नगरपालिकेने सार्वजनिक बँड काढला. १९१९ मध्ये इटालियन पियानिस्ट मारिओ पाची याने तो हाती घेतला आणि त्याचा सिंफनी वाद्यवृंद केला. वादक जवळजवळ सगळे परके: इटालियन, फिलिपिनो, बोल्शेविक क्रांतीतून पळालेले रशियन. पहिला चिनी वादक, तान शूझेन, १९२७ मध्ये आत आला. म्हणजे जवळपास अर्धशतक हा चीनमधला वाद्यवृंद चिनी माणसाविना वाजत होता. आजच्या मुंबईपेक्षा ती परिस्थिती कितीतरी लाजिरवाणी म्हटली पाहिजे. पण त्याच १९२७ मध्ये शांघायला संगीताचे महाविद्यालय स्थापन झाले, आणि वाद्यवृंदातले परके वादक तिथे शिक्षक म्हणून जाऊ लागले. संध्याकाळी मंचावर वाजवायचे, दिवसा चिनी मुलांना शिकवायचे. १९४९ नंतर परके निघून गेले तेव्हा खुर्च्या रिकाम्या राहिल्या नाहीत. सांस्कृतिक क्रांतीत त्या महाविद्यालयातल्या शिक्षकांचे भयंकर हाल झाले, तरीही ती परंपरा तुटली नाही. मुंबई आणि शांघाय यांच्यात प्रतिभेचा फरक होता, असे म्हणायला काहीच आधार नाही. फरक त्या एका महाविद्यालयाचा होता.

इथे कोणी म्हणेल की परक्यांनी सुरू केलेले वाद्यवृंद पुढे त्या-त्या देशाचे झाले, कारण ते परके तिथेच राहिले. हा आक्षेप वजनदार आहे. १८८१ मध्ये स्थापन झालेल्या बॉस्टन सिंफनीत सुरुवातीला जर्मनांचा भरणा होता, पण ते अमेरिकेत स्थायिक झाले. ब्रोनिस्लाव हुबरमन या पोलिश व्हायोलिनवादकाने नाझी छळातून सत्तरेक ज्यू वादक सोडवून पॅलेस्टाइनला नेले. २६ डिसेंबर १९३६ रोजी तेल अवीवमध्ये त्यांची पहिली मैफल तोस्कानिनीने बिदागी न घेता केली, आणि तोच वाद्यवृंद पुढे इस्राएल फिलहार्मोनिक झाला. हे वादक परतीचे तिकीट घेऊन आले नव्हते. मुंबईत येणारे बहुसंख्य वादक मोसम संपला की परततात. हा फरक खराच आहे, आणि एनसीपीएच्या दौऱ्यांच्या गौरवगाथांमध्ये त्याचा उल्लेख सहसा नसतो. पाहुण्या वादकामुळे मैफल चांगली होते, पण वांद्र्यातल्या दहा वर्षांच्या मुलीला आठवड्यातून दोनदा चेलोचा धडा मिळत नाही. म्हणूनच या संस्थेच्या इतिहासात मला २००६पेक्षा २०१२ हे वर्ष अधिक मोलाचे वाटते. त्या वर्षी एनसीपीएत वाद्यवृंदाची संगीत अकादमी सुरू झाली. मुलांना रशियन पद्धतीने वाद्याबरोबर सोल्फेज, समूहगान, चेंबर संगीत असे सगळे एकत्र शिकवायचे, आणि शिकवणारे वाद्यवृंदातलेच. शांघायने १९२७ मध्ये केलेली गोष्ट मुंबईने पंच्याऐंशी वर्षांनी केली.

दुसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो: ज्या देशाची स्वतःची एवढी थोर अभिजात परंपरा आहे, त्याने बेथोव्हेनसाठी शंभर माणसे पोसायचीच कशाला? राष्ट्राचा वाद्यवृंद हवाच तर १९५२ मध्ये आकाशवाणीने रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीत सुरू केलेला ‘वाद्यवृंद’ होताच की. हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण परके वाद्य आणि आपले संगीत यांच्यामधली भिंत आपण स्वतःच कितीदा ओलांडली आहे, याचा त्याला विसर पडतो. मराठी संगीत नाटक पायपेटीवाचून कल्पताही येत नाही, आणि पायपेटी युरोपातून आली. गंमत अशी, की १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, त्यापूर्वी त्या वाद्याविरुद्ध जोरदार लिहिणाऱ्यांत जॉन फोल्ड्झ हा इंग्रज संगीतकार होता. तो तेव्हा दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता आणि भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद बांधण्याच्या खटपटीत होता. १९३९ मध्ये कॉलऱ्याने कलकत्त्यात वारला.

शिवाय वाद्यवृंद जवळ नसण्याची किंमत आपल्याच संगीतकारांनी मोजली. रविशंकर यांनी पहिला सतार कन्चेर्तो लिहिला तो लंडन सिंफनीसाठी, १९७१ मध्ये. दुसरा न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने झुबिन मेहतांच्या संचालनाखाली १९८१ मध्ये सादर केला. मुंबईत वाढलेला संचालक आणि बनारसचा सतारिया, दोघांना भेटायला न्यूयॉर्क गाठावे लागले. झाकिर हुसेन यांचा तबला आणि वाद्यवृंद यांच्यासाठीचा ‘पेशकार’ मात्र २०१५ मध्ये मुंबईत, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी लिहिला गेला आणि मुंबईतच पहिल्यांदा वाजला. मग त्याच वाद्यवृंदाबरोबर तो ब्रिटनला गेला. तबल्याच्या अंगाने रचलेल्या या कृतीत तंतुवाद्यांचा ताफा कझाक होता की कोकणी, याने तिच्या मालकीत काही बदल होत नाही. वाद्यवृंद हाताशी असल्यामुळे ती इथे लिहिली गेली, एवढे पुरे आहे. २०२३ मध्ये सत्त्याऐंशी वर्षांचे झुबिन मेहता प्रथमच या वाद्यवृंदासमोर उभे राहिले. वडिलांच्या वाद्यवृंदानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी मुंबईला असा वाद्यवृंद मिळाला होता, ज्याचे संचालन करायला त्यांना संकोच वाटू नये.

यापुढची अडचण व्हायोलिनची नाही. तंतुवाद्ये शिकणारी मुले मुंबई, पुणे, गोवा इथे आहेत, आणि वाद्यवृंदातली निम्म्याहून अधिक माणसे तंतुवाद्येच वाजवतात, त्यामुळे तो भाग हळूहळू भरेल. अडेल ते ओबो, बसून आणि फ्रेंच हॉर्नपाशी. ही वाद्ये महाग, त्यांना रोज हात लागतो तो वाद्यवृंदातच, लग्नाच्या वरातीत किंवा जिंगलच्या ध्वनिमुद्रणात नाही. शिवाय ओबोवाल्याला पत्तीही बहुधा स्वतःच तासून घ्यावी लागते. कुठलाही मध्यमवर्गीय बाप मुलाला या वाटेने पाठवणार नाही, जोवर त्या टोकाला पगार दिसत नाही. आणि तरी देशात फुंकवाद्ये पद्धतशीर शिकवणारी मोठी सरकारी संस्था १९५० पासून आहे: मध्य प्रदेशात पचमढीला लष्कराची संगीत शाखा, जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने सुरू झालेली. तिथून तयार झालेले क्लॅरिनेट आणि हॉर्नवाले सैन्याच्या बँडांत जातात, तरुण वयातच निवृत्त होतात, आणि मग अनेकदा सुरक्षारक्षकाची नोकरी धरतात. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडचे दार ठोठावले होते. पचमढी आणि नरिमन पॉइंट यांच्यामध्ये तेवढीही वाट बांधलेली नाही. ती बांधायला नवे सभागृह लागत नाही, परदेशी संचालक लागत नाही. निवृत्त बँडवाल्यांसाठी दोन वर्षांची शिष्यवृत्ती आणि ऑडिशनची एक तारीख लागते.