धूपछाँव : कागदावरचा रंग आणि मागावरचा रंग

जुन्या पेटीतले एखादे रेशमी लुगडे उजेडात धरून किंचित वळवले की त्याचा रंग बदलतो. समोरून हिरवे, तिरक्या नजरेने निळे. घरातली वडीलधारी बाई त्याला ‘मोरपंखी’ म्हणते. पण धागे उसवून पाहिले तर मोरपंखी धागा त्यात एकही सापडत नाही. उभा ताणा हिरवा, आडवा बाणा निळा. मग मोरपंखी रंग आला कुठून?

हा प्रश्न समजायला जलरंगाकडे वळून पाहावे. जलरंग पारदर्शक असतो. वाळलेल्या पिवळ्या थरावर पातळ निळा फिरवला तर हिरवा दिसतो, कारण प्रकाश दोन्ही थरांतून कागदापर्यंत जातो आणि तेथून परत फिरतो. प्रत्येक थर त्यातला काही प्रकाश गिळतो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या थराला चित्र मळकट होऊ लागते. चित्रातला पांढरा म्हणजे कोरा कागदच. तो कोठे राखायचा हे कुंचला भिजवण्यापूर्वी ठरवावे लागते.

इंदूरला द. दा. देवळालीकरांनी १९२७ साली चित्रकलेची शाळा काढली. ना. श्री. बेंद्रे आणि हुसेन तेथे शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. रंगाची दुसरी शाळा मात्र त्याच होळकरी मुलखात, नर्मदाकाठी महेश्वरला, मागावर चालत होती.

मागावर रंग एकमेकांत कालवले जात नाहीत. धागे शेजारी-शेजारी राहतात आणि त्यांचे मिश्रण आपल्या डोळ्यांत होते. महेश्वरी साडीत बहुधा ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा असतो. रेशीम चमकते, सूत उजेड पसरवते. कापड कलले की कधी ताणा पुढे येतो, कधी बाणा. हीच धूपछाँव.

शेजाराचा हा गुण फ्रान्समध्ये एका तक्रारीतून उलगडला. शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. तेथला काळा रंग फिका दिसतो, अशी ओरड होती. तपासले तेव्हा रंगाईत खोट निघाली नाही; शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा निस्तेज भासत होता. १८३९ साली त्याने यावर ग्रंथच लिहिला.

आपल्या धार जिल्ह्यातले बागचे छपाईवाले आणखी एक गंमत दाखवतात. चिंचोक्याच्या खळीत तुरटी कालवून एक ठसा, हिराकस कालवून दुसरा. मग सारे कापड अ‍ॅलिझरिनच्या एकाच कढईत उकळतात. तुरटीच्या जागी लाल उमटतो, हिराकसाच्या जागी काळा. एकाच पाण्यातून दोन रंग निघतात, कारण रंग ज्याच्याशी जोडला जातो त्याच्यावर त्याचे रूप ठरते.

रंगांच्या नावांचेही तसेच आहे. डाळिंबी, अंजिरी, आमसुली, अबोली, श्रीखंडी ही नावे त्या त्या वस्तूला जोडलेली आहेत. आमसुली म्हटले की नुसता काळपट जांभळा डोळ्यांपुढे येत नाही. भिजल्या आमसुलाची ओल आणि आंबट चवही त्यासोबत येते. आज आपल्या घरांत साडी ‘पीच’ किंवा ‘वाइन’ रंगाची झाली आहे. पिढ्यानपिढ्या परमुलखात राहून आपण घरात मराठी टिकवली, पण हे शब्द पेटीच्या तळाशी राहिले. पेटी उघडाल तेव्हा घरातल्या सर्वांत वडील बाईला जवळ बसवा, प्रत्येक वस्त्राच्या रंगाचे नाव विचारा आणि चिठ्ठीवर लिहून घडीत ठेवा. वस्त्र जपले जाईलच; त्याचे नावही जपले पाहिजे.